पावणेबाराला उठायचं

देवळाली प्रवरा
१३ जून १९९९

महेंद्र,

जय भीम.

तुझा पत्ता तुषारने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याच्या आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या द्यायला गेले आणि पत्ता मिळेपर्यंत उठलेच नाही. बडोद्याला कुठल्याशा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर बसतोस असं कळलं. बरं झालं. बसायची तुला सवय आहेच.

बघ, पहिल्या चार ओळींतच टोमणा गेला. पण खोडत नाही. खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतोस. लहानपणी माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरातली सगळी खाडाखोड तू अशीच वाचून काढली होतीस.

चार महिने झाले, तुझं एक अक्षर नाही. फेब्रुवारीत नगरला चांदभाईच्या दुकानात मी तुझ्यावर हात उचलला, त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. दोन विषय राहिलेले, आणि मुलगा कॉलेजच्या वेळेत मशीनवर पत्ते खेळतोय. कुठलीही आई चिडली असती. असो.

लिहायचं कारण वेगळं आहे. आज मी तो खेळ खेळले.

रविवार म्हणून चष्म्याची काडी बदलायला नगरला गेले होते. काडी बदलून झाली, एस.टी.ला तासभर होता, आणि पाय त्या दुकानाकडे वळले. चांदभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता तिथे दोन कॉम्प्युटर मांडलेत, हे तुला मी काय सांगू. मला बघून ते खुर्चीवरून उठले. बहुतेक आता आपली पाळी असं त्यांना वाटलं असावं.

"बाई, पोरगं हितं येत न्हाई आता."

"माहीत आहे. मला तो खेळ दाखवा."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, "दावतो. पर खोट्या चिपा हायेत बरं का. पैशाचं काय न्हाई त्याच्यात. तुमचं पोरगं बी खोट्याच चिपांवर खेळत हुतं. म्या त्या दिशी सांगनार हुतो, तुमी ऐकाया थांबल्या कुटं?"

हे मला माहीत नव्हतं, महेंद्र. मी विचारलं नव्हतं.

नाव टाका म्हणाले, मी "सिस्टर" टाकलं. पडद्यावर टेबल, भोवती आठ खुर्च्या, माझी सोडून प्रत्येकीवर फोनच्या तारेतून आलेला कुणीतरी परदेशी. एक कॅनडाचा म्हातारा आहे, त्याने नावच "आजोबा" ठेवलंय इंग्रजीत. हातात दोन पत्ते, मधे पाच उघडे, आणि त्या सातांतून जो सगळ्यात चांगला पाच पत्त्यांचा पंजा लावेल तो जिंकला. एवढं समजायला मला दहा मिनिटं लागली. चिपा संपायला अकरा.

पण मी हटणारी नाही. महिन्याभरात ह्या सगळ्यांना हरवून चिपांचा डोंगर करायचा, आणि मग तुला लिहायचं की बघ, मी जिंकून पाहिलं, ह्यात काही राम नाही, सोड आणि घरी ये. हे माझं टार्गेट.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. दे.

गी. ब. भिंगारदिवे
(आई)


२७ जून १९९९

महेंद्र,

उत्तर आलं नाही. पोस्टमन राधाकृष्णला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, आल्यावर म्या काय घरी ठिवून घिऊ का?"

आजची फजिती सांगते. हसू आलं तर हस, मला ऐकू येणार नाही.

माझ्या हातात अठ्ठी आणि नव्वी होती. मधे पंजी, छक्की, सत्ती आली. सरळ पाचाची सिक्वेन्स. अंगावर काटा आला बघ. समोर तो आजोबा होता, तो चिपा वाढवत गेला आणि मी त्याच्यावर वाढवत गेले. शेवटी सगळ्या लावल्या. पत्ते उघडले तर त्याच्याकडे काय? नुसता कलर. पाच इस्पिकं, एकाचा एकाला मेळ नाही. मी चांदभाईंना म्हटलं, आटपलं म्हाताऱ्याचं. तोवर मशीनने सगळा ढीग उचलून त्याच्यासमोर ठेवला.

मी खुर्ची सोडून उभी राहिले. चांदभाई धावत आले. त्यांनी पडदा नीट वाचला आणि म्हणाले, "बाई, सरळ सरळ चोरी हाय ही. सिक्वेन्सच्या म्होरं कलर कसा काय चालंल?" ते पण तीन पत्तीतलेच. आम्ही दोघं मिळून त्या मशीनला जे काही बोललो ते लिहीत नाही. त्यांनी फोनची वायर काढून परत लावली. मग मशीनचा पत्रा उघडून आत फुंकर मारली, रेडिओला मारायचे तशी.

एवढ्यात त्यांची सून मेहविश आली. बी.कॉम. झालेली आहे, दुकानाचं सगळं तीच बघते. तिने इंग्रजीतले नियम उघडून शांतपणे वाचून दाखवले. ह्या खेळात कलर सिक्वेन्सच्या वर असतो. तीन पत्तीत उलटं. म्हणजे दोन रविवार मी चुकीच्या कायद्याने खेळत होते आणि माझी बाजू खरी म्हणून भांडत होते. चांदभाईंनी गुपचूप पत्रा लावला.

जाताना मेहविश म्हणाली, "बाई, तुम्हाला तीन पत्ती एवढी पक्की कशी येते?"

मी म्हटलं, कॅम्पांमधून बघून बघून. ड्रायव्हर लोक खेळतात ना.

असंच आहे ते. बघून बघून.

चिपांचा डोंगर अजून लांब आहे.

आई


१८ जुलै १९९९

महेंद्र,

डोंगराचं टार्गेट रद्द केलं.

तू लहान होतास तेव्हा मार्च महिना आला की मी घरात कशी वागायचे, आठवतं? वरून आकडा यायचा. कुटुंबनियोजनाच्या टाक्याच्या केसेस इतक्या, तांबी इतक्या. माझ्या उपकेंद्राखाली पाच वाड्या, त्यात तेवढ्या बायका आहेत की नाहीत हे आकडा पाठवणाऱ्याला माहीत नसायचं. मी उन्हातान्हात दारोदार फिरायचे, बायका मला बघून मागच्या दाराने शेतात पळायच्या. आकडा पुरा झाला नाही की मीटिंगमध्ये उभं करायचे, आणि घरी येऊन मी तुझ्यावर खेकसायचे.

मग तीन वर्षांपूर्वी टार्गेट बंद झालं. कागद आला की गावात जा, कोणाला काय हवंय ते बघा, आणि वर्षभरात काय होण्यासारखं आहे तो आकडा तुम्हीच लिहा. तो कोरा रकाना समोर ठेवून मी दोन दिवस बसून होते. वीस वर्षांत कोणी मला विचारलंच नव्हतं की बाई, तुमच्याने काय होईल. शेवटी जपून छोटा आकडा लिहिला. त्या वर्षी तो पुरा झाला आणि वर चार बायका आपण होऊन आल्या.

हे सगळं मला आज चांदभाईच्या दुकानात आठवलं. मी वहीवर रकाने आखले. वीस डावांपैकी चौदा टाकून द्यायचे. राग आला की दोन डाव हात मांडीवर ठेवून बसायचं. आणि अकराला बसलं की पावणेबाराला उठायचं, जिंकत असो वा हरत असो. जिंकण्याचा रकानाच ठेवला नाही. मेहविश म्हणाली, नव्या माणसाला एवढं पुष्कळ आहे.

पहिले दोन जमले. तिसरा नाही जमला. पावणेबारा झाले तेव्हा मी जिंकत होते. म्हटलं, एकच डाव. मग हरले. म्हटलं, तेवढं परत मिळवू. मान वर केली तेव्हा सव्वा वाजला होता, एस.टी. गेली होती, आणि एका बाळंतिणीला भेटायला जायचं मी विसरले होते. विसरले, महेंद्र. मी.

स्टँडवर बसून तुझ्या वडलांची आठवण आली. बन्सी भिंगारदिवे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे कारकून. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि हे लिंबाखाली हातात तीन पत्ते घेऊन बसलेले. लोक हाका मारायचे, ते म्हणायचे, "हा एवढा डाव." नोकरी त्यातच गेली. नंतर पत्ते सुटले, पण माणूस आतून बसला तो बसलाच, आणि तू सातवीत असताना गेलाच.

मी जन्मभर म्हणत आले की त्यांना उठायला काय धाड भरली होती. आज मला कळलं की काय होतं.

आणखी एक. तुला मी कधी विचारलं होतं का, की महेंद्र, तुझ्याने काय होईल? इंजिनियर, फर्स्ट क्लास. आकडा वरूनच आला तुला.

आई


८ ऑगस्ट १९९९

महेंद्र,

तीन रविवार झाले, मी पावणेबाराला उठते. गेल्या आठवड्यात हातात दोन एक्के असताना उठले. कॅनडाचा आजोबा मला "सिस्टर, गो?" असं विचारतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते, त्याला काही घाई नाही. चांदभाई तर आता घड्याळाकडे बघतच नाहीत. मी उठले की दुकानात चहा सांगतात.

त्या हिमतीवर पुढचं लिहिते. दोन पत्रं हे लिहायचं टाळलं.

तीन पत्ती मी कॅम्पात बघून शिकले नाही. श्रीगोंद्याला माहेरी माझ्या तीन भावांनी शिकवली. त्यांच्यात मी वरचढ होते. लग्न होऊन आले तेव्हा कारखान्याच्या चाळीत आम्ही दोघंच. तुझ्या वडलांना पत्ते पिसतासुद्धा येत नव्हते. त्यांना मी शिकवलं. माहेराहून डब्यात तीस चिंचोके आणले होते, एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले. ते आमच्या चिपा.

आणि ऐक, ते चांगलं खेळायचे. हातात काही नसलं की मुकाट्याने पत्ते ठेवून द्यायचे. विसांतले चौदा डाव टाकायचे, मला आत्ता जे जमतंय ते त्यांना उपजत जमायचं. मला त्याची मजा वाटायची नाही. मी त्यांना भित्रा म्हणायचे. हसायचे. "उठताय काय एवढ्यात, बसा की," असं हाताला धरून बसवायचे. एका पावसाळ्यात त्यांचा भित्रेपणा मी घालवला. पुढे लिंबाखालचे लोक भेटले, पण तयार माणूस मी त्यांच्या हवाली केला होता.

हे मी कोणाला सांगितलं नाही. त्यांनीही कधी मला बोलून दाखवलं नाही. एकदासुद्धा नाही. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी चांदभाईच्या दुकानात मी तुला मारलं, आणि आठ माणसांसमोर म्हणाले, "बापाच्या वळणावर गेलास, बापासारखाच मरशील." मारलेलं तू विसरशीलही. ते वाक्य विसरणार नाहीस, हे मला माहीत आहे, कारण ते बोलताना तुझा चेहरा मी बघत होते आणि तरी पुरं केलं. ते तुझ्यासाठी नव्हतंच. माझ्यासाठी होतं. पडद्यावर पत्ते दिसले आणि मला माझंच केलेलं समोर दिसलं. त्याचा मार तू खाल्लास. माझं चुकलं, महेंद्र. फार चुकलं.

आता मागणं. घरी ये असं मी म्हणणार नाही. पत्र लिही असंही नाही. ते वरून आलेले आकडे झाले. होण्यासारखं काय आहे ते बघून लिहिते. ह्या पाकिटात त्या तिसांतला एक चिंचोका आहे. सोबत माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. चिंचोका ठेवून घेतलास किंवा फेकून दिलास तरी मी कधी विषय काढणार नाही. पण तो ह्या पाकिटात घालून परत पाठवलास, तर तू पत्ते टाकून उठलेला नाहीस एवढं मी समजेन. एक शब्दही लिहू नकोस.

आई


५ सप्टेंबर १९९९

महेंद्र,

चार आठवडे झाले. काही आलं नाही.

बुधवारी रजेचा अर्ज भरला. कारण: मुलास भेटण्यासाठी बडोदा. सही केली, बॅग भरली, तुझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी कुटली. मग अर्ज फाडला. सात महिने ज्या दाराने तू मला लांब ठेवलंयस, ते ढकलून आत यायचा मला हक्क नाही. चटणी मेहविशला दिली.

आज डाव वाईट पडले. राग आला. दोन डाव हात मांडीवर ठेवले. पावणेबाराला उठले.

हे पत्र अर्ध्या पानात संपवायचं ठरवलं होतं. संपलं.

आई


२६ सप्टेंबर १९९९

महेंद्र,

गुरुवारी राधाकृष्ण उपकेंद्रावर आला. समोर बायकांची रांग, माझ्या हातात सुई आणि मांडीवर रडणारं पोर. त्याने पाकीट कानाशी हलवून बघितलं.

"बाई, ह्याच्यात बटनं हायेत का काय?"

पाकिटावर माझंच अक्षर होतं. मी आधी त्या पोराला डोस दिला, सुई ठेवली, हात धुतले. रांगेतल्या बायका बघत होत्या, पण मला धीर निघेना. तिथेच फाडलं.

दोन निघाले.

एक आपला, पांढऱ्या बाजूचा. दुसरा नवा, गडद तपकिरी, न घासलेला. कागद नाही, ओळ नाही. मी पाकीट उजेडाला धरून आतून बघितलं, तू बघायचास तसं. काही नव्हतं. मालनबाई म्हणून वाडीतली एक म्हातारी आहे, ती म्हणाली, "सिस्टर, वाईट बातमी हाय का वो?" मी नाही म्हणून मान हलवली, पण डोळे थांबेनात. रांग अर्धा तास खोळंबली. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं.

खरं सांगते, मला त्याचा अर्थ लागला नाही. एक परत मागितला होता, दोन का? आज दुकानात जाऊन चांदभाईंच्या समोर काउंटरवर दोन्ही ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून एक एक चिंचोका बघितला. मेहविश हसायला लागली. चांदभाई म्हणाले, "बाई, येवढं बी कळंना व्हय? तुमी एक लावला, पोरानं तुमचा घिऊन वर आपला एक टाकलाय. पोरानं रेज केलंय."

एवढे रविवार खेळून मला ते दिसलं नव्हतं.

आज मी खेळायला बसलेच नाही. लगेच वाटलं, आत्ताच्या आत्ता स्टँडवर जावं, मिळेल ती गाडी पकडावी. परत अर्ज भरावा, परत चटणी कुटावी. सगळ्या चिपा एकदम. पण मी स्वतःला ओळखते. मी वाढवत जाणारी बाई आहे, तुझ्या वडलांसारखी जपून खेळणारी नाही. तू त्यांच्यावर गेला आहेस. हे मी आता चांगल्या अर्थाने लिहितेय, आणि हे वाक्य त्या दुसऱ्या वाक्याच्या जागी ठेव, जमलं तर.

म्हणून वाढवत नाही. तू जेवढे लावलेस तेवढेच लावते, ह्याला खेळात कॉल म्हणतात. पाकिटात दोन चिंचोके घातलेत, दोन्ही घासलेले. तुझा तपकिरी माझ्याकडे राहू दे. तो डब्यात टाकला नाही, पर्समध्ये आहे. नवा दिसतो, म्हणजे चिंच खाल्लीस. तुला लगेच सर्दी होते, जपून खा. डब्यात अजून अठ्ठावीस आहेत. त्यांना घाई नाही.

रविवारी अकरा ते पावणेबारा मी त्या टेबलावर असते. नाव सिस्टर. शेजारची खुर्ची कधी कधी रिकामी असते. बसच असं म्हणत नाही, सांगून ठेवते.

मी कॉल केलंय. आता पाळी तुझी.

तुझी आई